दुसऱ्या खेपेचा टोस्ट

रविवार, ८ मार्च

आई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाई म्हणाल्या, शेकून बराच उतार पडलाय.

बातमी म्हणाल तर एकच, टोस्टर. तुम्ही जाऊबाईंकडे गेल्या गेल्या दोन नवे आणले आणि दोन्ही परत केले. पहिला एका बाजूने भाजायचा, दुसरीकडे ब्रेड पांढराफटक. दुसरा नुसता वाळवायचा. टोस्ट कसला, पुठ्ठा! तुमचे चिरंजीव म्हणाले, "पुठ्ठाच खायचा तर खोकं कशाला टाकलंस?" शेवटी आपला जुनाच दुरुस्तीवाल्याकडे नेला. आता छान बदामी भाजतो.

नवे का आणले, ते सांगते. माझ्या हातूनही टोस्ट जळत होते म्हणून.

दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि म्हणाला, "बाई, पहिली खेप नीट येते आणि दुसरी जळते, असंच ना? खटका तापला की अडकतो. ब्रेड वर येतच नाही."

तुम्ही हेच तर कानीकपाळी ओरडून सांगत होतात. 'आईंच्या आता लक्षात राहत नाही' हे मीच उठवलं. शेगडीची बटणं मीच काढून ठेवली. डॉक्टरांना दाखवायला जळके टोस्ट डब्यात भरून नेले, तेही मीच.

अजून एक आहे. हे सगळं ऑक्टोबरातलं. तुम्हाला जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पाच महिने मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. का? स्वयंपाकघर माझ्या एकटीचं झालं होतं आणि मला ते आवडलं होतं. बस्स, एवढंच.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "इथे मला चहासुद्धा करू देत नाहीत गं. बरोबरच आहे, माझा मलाच भरवसा नाही." अहो, तुम्हालाही ते खरं वाटायला लागलं!

आज जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले. जाऊबाईंनाही वेगळं पत्र टाकलंय, काही न लपवता.

शनिवारी मी तुम्हाला न्यायला येतेय. यायचं नसेल तर येऊ नका, माझा हट्ट नाही. पण चहा तुमच्याच हातचा पिईन, जाऊबाईंच्या देखत.

तुमच्यावर आळ घेणारी,
धाकटी सून