अकरा खिशांचा कोट

पोलिश हिल, पिट्सबर्ग
सोमवार, १८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मार्लिनताईस,

धाकट्या मिलानचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला असं धरून चाल.) तुझी सांधेदुखी, तुझा रक्तदाब आणि शेजारच्या ड्वोरचॅकबाईंशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझं विचारशील तर खातोय, पितोय, झोपतोय. दातांचा डॉक्टर म्हणतो दोन काढावे लागतील. मी म्हटलं, बघू.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते. एकूण पाच ओळी, त्यात तीनदा ‘ताबडतोब’. रोझा तिच्या बापाचे बारा शर्ट कपाटातून उचलून घेऊन गेली त्याला चौदा महिने झाले, तू त्याच शहरात बसून काय करतोस, ताबडतोब जा आणि शर्ट घेऊन ये. ‘ती नाही आली तरी चालेल.’ हे शेवटचं वाक्य तू इतकं दाबून लिहिलंयस की कागद मागच्या बाजूनं फुगलाय. ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस आणि मीही तुला ओळखतो. जे चालणार असतं ते तू दाबून लिहीत नाहीस. पण ते असो. हुकूम म्हणजे हुकूम. मी निघालो.

आता निघालो म्हणजे कुठं, हा पहिला प्रश्न. तुझी लेक माझा फोन घेत नाही. (माझ्या तोंडून तूच बोलणार हे तिला पक्कं माहीत आहे. तिचं चुकतं असंही म्हणता येत नाही.) शेवटी कपडे धुवायच्या दुकानात, मशीन फिरायची वाट बघत बसलो असताना भिंतीवर एक पत्रक दिसलं. झेरॉक्सवर काळंकुट्ट आलेलं, मधोमध एका कोंबडीचं चित्र, कोंबडीला सहा पाय. खाली तीन नावं आणि त्यातलं तिसरं आपल्या रोझाचं. रविवार, दुपारी तीन. आणि जिथं पत्ता असायला हवा तिथं काय, तर ‘ओळखीच्याला विचारा’. मी पत्रक उलटून बघितलं. मागं काही नाही. अगं, माणसं यावीत म्हणून पत्रक लावायचं आणि कुठं यायचं ते सांगायचं नाही, हा कुठला शहाणपणा?

शहाणपणाच आहे, हे मला मागाहून कळलं. ही मुलं आपापल्या घरांच्या तळघरांत गाणीबजावणी करतात. त्याला ना परवाना, ना आगीबिगीत पळायला मागचं दार. पत्ता छापला की महापालिकेचा इन्स्पेक्टर पहिल्या रांगेत येऊन बसतो. म्हणून पत्ता तोंडीच द्यायचा आणि तोही माणूस पारखून. आता तूच सांग, साठी गाठलेला, गुळगुळीत दाढी केलेला, इस्त्रीची पँट आणि खिशाला पेन लावलेला माणूस गाण्यांच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात शिरून ‘रविवारचं तळघर कुठं आहे हो’ म्हणून विचारतो, तो कोण वाटेल? तीन दिवस तीन दुकानांत विचारलं. एकानं सांगितलं, आमच्या शहरात तळघरंच नाहीत.

चौथ्या दुकानात ओडेसा नावाची बाई होती. डोक्याची एक बाजू साफ तासलेली, दुसऱ्या बाजूला कंबरेपर्यंत वेणी, आणि अंगात गालिचा. (शाल नव्हे, मी हात लावून पाहिला, गालिचाच.) म्हणाली, “काका, तुम्ही कोणाचे?” मी म्हटलं, रोझाचा मामा. “अहो, इन्स्पेक्टर लोक सगळे कोणाचे तरी मामाच असतात,” असं म्हणून तिनं माझी परीक्षाच घेतली. रोझाला कुठला पदार्थ खाता येत नाही ते सांगा. मी म्हटलं, खाता न यायला काय झालंय, खाते सगळं, पण पिएरोगीच्या सारणातला कांदा एकेक करून वेचते आणि ताटाच्या कडेला माळ लावून ठेवते, आणि तिची आई ती माळ निमूटपणे खाते. बाईनं मान खाली घालून एका चिठोऱ्यावर पत्ता लिहिला. पत्ता माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून निघाला. तीन दिवस मी उगाच बसभाडं भरत होतो!

इन्स्पेक्टर वाटू नये म्हणून रविवारी मी कामाचे कपडे घातले. तोच जुना डगला, एकतीस वर्षं बॉयलरवाल्याची नोकरी केली तो, कोपरांवर ठिगळं, खिशात सवयीनं पाना आणि टॉर्च. वाटलं, निदान कुणाच्या डोळ्यावर तरी येणार नाही. दारात पोरांचा घोळका होता. एकानं पडद्याचा झगा शिवला होता, त्याला वरच्या कड्या तशाच, चालला की खुळखुळायच्या. एकीच्या गळ्यात चमच्यांचा हार. एकाच्या पायात दोन वेगवेगळ्या माणसांचे बूट. आणि ही सगळी मंडळी ताई, माझ्याकडे वळून बघत राहिली. “काका, हा डगला कुठनं मिळवलात?” मी म्हटलं, झिजवला. तर पडद्यावाला मागंच लागला, झगा घ्या, डगला द्या. जन्मात माझ्या कपड्यांचं कुणी कौतुक केलं नव्हतं. (तू तर माझ्या लग्नातही म्हणालीस की सूट दाजींच्या मापाचा वाटतोय. होताच तो दाजींचा, पण सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?)

तळघरात चाळीसेक जणं जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढं एक मुलगा चाळणीला तार जोडून त्यावर दाताचा ब्रश घासत होता, आणि त्याचा आवाज थेट माझ्या कण्यातून जात होता. मी इकडंतिकडं बघितलं. सगळे गंभीर. त्याचं झालं, टाळ्या झाल्या, दिवा मंद झाला, पुढच्याची तयारी चालली. आणि त्या शांततेत मला मागनं दुसराच आवाज आला. ठक्. ठक् ठक्. बॉयलर! पाइपात हवा अडकलेली आणि पंप उगाच धडपडतोय. ताई, हा आवाज ऐकून मी गप्प बसू शकत नाही. लोकांच्या जेवणातनं उठलोय मी यासाठी.

उठलो, कोपऱ्यात गेलो, टॉर्च दातांत धरली आणि कामाला लागलो. आधी पाइपावर पान्यानं ठोकत ठोकत हवा कुठं आहे ते शोधलं. मग झडप सोडली, तिनं दीर्घ सुस्कारा टाकला, पाणी गुडगुडलं. पुन्हा ठोकलं. गंजलेला नट हलेना, तेव्हा तो कुरकुर करत तीन वेळा अडला आणि मी एकदा जरा वाईट शब्द बोललो. एका क्षणी सगळंच थांबलं, मी कान लावून उभा. मग पंप एका लयीत घुमायला लागला आणि मी हात पुसत मागं वळलो. चाळीस माणसं डोळे मिटून बसली होती. माझ्या कोपरापाशी कुणीतरी माइक आणून धरला होता, कधी ते देव जाणे. आणि मग जो काय टाळ्यांचा कडकडाट झाला! चमच्यांच्या हारवाली डोळे पुसत होती. घरमालक थॅडियस, सहा फूट उंच, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “काका, ते मधलं थांबणं... अंगावर काटा आला.” मी म्हटलं, झडप गंजली होती बाबा, बदलून घे, थंडीत दगा देईल. तो म्हणाला, “खरंय.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुष्कळ सांगून पाहिलं की ही दुरुस्ती होती. ‘हो, हो, दुरुस्ती,’ म्हणाले, आणि एकानं ते वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर रोझा आली.

ताई, इथनं पुढं जरा सावकाश वाच. मी ओरडायचं ठरवून गेलो होतो. वाक्यंही तयार होती, बरीचशी तुझीच. पण तिच्या अंगात कोट होता. टाचांपर्यंत लांब, दाजींच्या त्या निळ्या शर्टांचे तुकडे जोडून केलेला. पावगाडीवरच्या गणवेशाचा तो फिका निळा, धुऊन धुऊन आणखी फिका झालेला. आणि खिसे सगळे तसेच ठेवलेले, अकरा, प्रत्येकावर लाल धाग्यात ‘जीन’. पुढं, मागं, पाठीवर, घेरावर. बघावं तिकडं दाजींचं नाव. कापले तिनं शर्ट, हे खरं आहे, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. वाचून तुला राग येईल. मलाही आला होता, साधारण अर्धा मिनिट.

मग तिनं पाव ठेवायचे दोन लोखंडी ट्रे पुढ्यात घेतले, त्यांवर हलके हलके बोटं वाजवत गायला लागली. गाणं म्हणायचं तर त्यात चाल फारशी नाही. शब्द म्हणशील तर दाजींची आपल्या जॉन्सटाउनमधली पाव टाकायची पहाटेची फेरी, दुकानामागून दुकान, अगदी क्रमानं. शनिवारी ते तिला गाडीत घेऊन जायचे ना, तीच. ‘कोवाचचं दुकान, सहा पाव, मागच्या दारानं. ग्रीरबाई, एक पाव, कुत्र्यापासून जपून.’ आणि ‘कुत्र्यापासून जपून’ म्हटल्यावर सगळं तळघर तिच्यासोबत म्हणायला लागलं. ‘शाळेचं स्वयंपाकघर, चाळीस, पायरीवर बर्फ असेल.’ पडद्यावाला म्हणतोय, चमच्यांवाली म्हणतेय, गालिचा पांघरलेली ओडेसा मागं उभी राहून म्हणतेय. यातल्या कुणी दाजींना बघितलेलं नाही. जॉन्सटाउनला कुणी कधी गेलेलं नाही. पण कुठं किती पाव टाकायचे ते त्या पोरांना तोंडपाठ! तू म्हणतेस ना, माणूस गेला की चार महिन्यांत लोक नाव विसरतात? मी तिथं भोकाड पसरून रडलो ताई. (शेजारचा मुलगा मला रुमाल देऊन हळूच म्हणाला, “तुमचंही फार छान झालं.”)

नंतर वरच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना कोबी घातलेल्या शेवया वाढल्या. रोझा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आईनं शर्ट न्यायला पाठवलं ना, मामा?” मी म्हटलं, हो. तिनं कोट काढला, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. आत नुसता पातळ बनियन. नोव्हेंबर महिना. खांदे बघितले तर हाडं दिसतायत. मी तो कोट उचलला आणि तिला परत घातला. ताई, तुझा हुकूम मी साठ वर्षांत पहिल्यांदा मोडला, काय करायचं ते कर. घालताना मात्र एक लक्षात आलं. डावी बाही नीट बसलेली नाही. मुंढ्यापाशी चुण्या पडतात आणि हात वर केला की सगळा कोट त्या बाजूला ओढला जातो. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, सहा वेळा उसवली, जमतच नाही. “आई इथं असती तर...” म्हणाली आणि एकदम शेवया खायला लागली. त्या शेवयांत कांदा होता. तो तिनं वेचला नाही, सगळा खाल्ला. मला ते बघवेना.

तेव्हा शर्ट मिळालेले नाहीत, कळावे. मुलगी बरी आहे, पण वाळलीय. दिवसा एका छापखान्यात काम करते, जेवण वेळेवर होत नसावं. तिनं तुझ्याबद्दल एकच प्रश्न विचारला, तू बाहेर हिंडतेफिरतेस का. मी खोटं बोललो, हो म्हणालो. ड्वोरचॅकबाईंना माझा नमस्कार सांग, किंवा नको सांगूस, तुझी मर्जी.

तुझा धाकटा भाऊ,
मिलान

ता. क. पुढच्या महिन्याच्या पत्रकावर माझं नाव आहे. नुसतं ‘मामा’, आणि खाली पान्याचं चित्र. नको नको म्हटलं मी. पण थॅडियसनं ती झडप अजून बदललेली नाही, तेव्हा तसंही जावंच लागणार होतं.

ता. क. २. तू बारा शर्ट म्हणतेस. तिनं अकराच नेले. बारावा तुझ्या कपाटात आहे, तुझ्या त्या जाड तपकिरी कोटाच्या आत, त्याच हँगरला, वरनं कोटाची बटणं लावून. थंडी पडली की तू कोट काढशील आणि तुला सापडेल, असा तिचा हिशेब होता. गेला अख्खा हिवाळा तू तो कोट काढलाच नाहीस, हे तिला मी सांगितलेलं नाही.

ता. क. ३. आता मुद्द्याचं. येत्या बुधवारी दुपारच्या बसनं ती तुझ्याकडे येतेय. मी तिला सांगितलंय, तीस वर्षं गावातल्या नवऱ्यामुलींचे झगे बेतून दिले माझ्या बहिणीनं, बाही तिच्याकडून बसवून घे. ती फक्त बाहीसाठी येतेय, दुसरं काही नाही, असं ती मला चार वेळा म्हणाली. तूही शर्टांचं काही काढू नकोस. दार उघड आणि बाही बघायला माग. तुला त्या कामाला वीस मिनिटं पुरतात हे मला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही. दोन दिवस लाव.