ग्लुखोई, दिशा द्या

२४ जुलै १९७२

पोचले एकदाची! बोटीवर ओकून ओकून आतडी गळ्याशी आली होती, पण किनाऱ्याचे गोटे पायाखाली आले आणि सगळं विसरले. लेनिनग्राडच्या संस्थेत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. सव्विसावं लागलं, लग्नाचं बघायचं सोडून ही बया ध्रुवाकडे चालली. चालले तर चालले! सूर्यावर भडका उडाला की पृथ्वीच्या चुंबकत्वाची कशी त्रेधा उडते, हे पुस्तकात वाचून विटले होते. ते जिथं सगळ्यात जोरात कळतं, तिथंच मला नोकरी मिळाली.

ग्लुखोई म्हणजे बहिरा. बहिऱ्या भूशिरावर बिनतारी केंद्र, हा विनोद ल्याव्रिक प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो म्हणे. ल्याव्रिक रेडिओ सांभाळतो, अंगाने काडी, बोलण्याने तोफ. आम्ही एकूण पाचच माणसं. केंद्रप्रमुख कोंद्रात सावेल्येविच, ल्याव्रिक, यंत्रदुरुस्तीवाले तिखोनकाका, त्यांची बायको फाइना येगोरोव्हना, आणि मी, रिम्मा वेतोश्किना. फाइना येगोरोव्हना स्वयंपाक बघतात. माझ्यासाठी माशाचं सारण भरलेला पिरोग भाजला होता. मी तीन तुकडे खाल्ले तर म्हणाल्या, खा पोरी, तुझ्या हाडांवरून वारा शीळ घालत जाईल इथं.

सूर्य मावळतच नाही. खिडकीला घोंगडी लावून झोपायचं.

२८ जुलै

माझं चुंबकघर केंद्रापासून दूर, एकटं, खिळासुद्धा तांब्याचा असलेलं. आत अंधार. बारीक धाग्याला टांगलेलं चुंबक, त्यावरच्या आरशातून पडणारा उजेडाचा ठिपका आणि हळूहळू फिरणारा कागद. चुंबक हललं की ठिपका हलतो, कागदावर रेष उमटते. सध्या रेष म्हणजे झोपलेल्या बाळाचा श्वास.

तिखोनकाका रोज नाश्त्याला विचारतात, काय गं, आज तुझी सुई काय म्हणते? मी म्हणते, झोपलीय. ते म्हणतात, नशीबवान आहे, आमच्या फाइनाला सांग जरा. मग फाइना येगोरोव्हना त्यांना पळीने टोला घालतात. लग्नाला तीस वर्षं झालीत म्हणे. तिखोनकाकांना पोहता येत नाही, उभं आयुष्य समुद्रावर गेलं तरी. शिकलो तर मरायला जास्त वेळ लागेल, असं म्हणतात.

२ ऑगस्ट

मुख्य केंद्राकडून संदेश आला. सूर्यावर प्रचंड भडका. एक-दोन दिवसांत चुंबकी वादळ येईल. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. मग बाहेर येऊन बघते तर तिखोनकाका होडीत पिंपं चढवतायत.

सामुद्रधुनीपलीकडे, बर्फाच्या घुमटामागे, आमची एक बंद पडलेली झोपडी आहे. तिथली शेगडी आणि सामान इकडे हलवलं, असं कोंद्रात सावेल्येविचांनी वसंतातच वर कळवून टाकलंय. हलवलं काहीच नाही. आता ‘क्रेचेत’ नावाच्या जहाजातून तपासनीस येतोय, म्हणून खोट्याचं खरं करायला तिखोनकाका निघालेत.

मी त्यांना सांगितलं की वादळात होकायंत्र भरकटेल, रेडिओ मुका होईल, आणि त्यात धुकं आलं तर माणूस आंधळा, बहिरा, मुका सगळंच होईल. चार दिवस थांबा. कोंद्रात सावेल्येविच चहात साखर ढवळत राहिले. मग म्हणाले, “कॉम्रेड वेतोश्किना, तुमचा सूर्य माझ्या हाताखाली काम करत नाही. तपासनीस माझ्या वरचा आहे. दोघांतला कोण मला जास्त भाजेल, सांगा बरं?”

ल्याव्रिक हसला. मीही हसले. का हसले?

३ ऑगस्ट

तिखोनकाका गेले. छोटा रेडिओ गळ्यात अडकवला होता. फाइना येगोरोव्हनांनी पाव बांधून दिला आणि मफलर इतका करकचून आवळला की ते म्हणाले, बुडायच्या आधीच फाशी देतेस का. संध्याकाळी पोचल्याचा निरोप आला. उद्या सामान घेऊन परत निघतो म्हणाले.

४ ऑगस्ट

आलं! ठिपका एकदम उडाला, कागदाच्या कडेवरून बाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला. असं काही कुणीच पाहिलं नसेल. मी अंधारात उभी राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेर आले तर धुकं. पांढरं, उजेडाने भरलेलं, डोळ्यांत जाणारं. ल्याव्रिकच्या खोलीत गेले. रेडिओचे सगळे पट्टे मेलेले, साधी खरखरही नाही. तिखोनकाका निघाले का, कुठवर आले, काही कळायला मार्ग नाही.

५ ऑगस्ट

आवाज आला! ल्याव्रिकने ओरडून सगळ्यांना बोलावलं. “ग्लुखोई, ग्लुखोई. दिशा द्या.” तिखोनकाकाच. दमलेले, पण तेच. आम्ही उत्तर दिलं, त्यांना ऐकू जात नव्हतं. तेवढंच पुन्हा पुन्हा. दिशा द्या.

ल्याव्रिक म्हणाला, आज लांबचं काहीच ऐकू येणार नाही, येतंय म्हणजे काका अगदी जवळ आहेत. आम्ही किनाऱ्यावर धावलो, पातेली बडवली, बंदुकीचे बार काढले. धुक्यात कुणी नाही. आत आलो तर आवाज आणखी स्पष्ट. जवळच्याही जवळ.

फाइना येगोरोव्हना रेडिओसमोरून उठल्या नाहीत. सूप गार झालं.

६ ऑगस्ट

होडी सापडली. भूशिराच्या मागच्या बाजूला, पाण्याने भरलेली. ते तळाशी होते. रेडिओ गळ्यातच, मफलरात गुंतलेला, पाणी गळत असलेला.

कोंद्रात सावेल्येविच म्हणाले, जाऊन दोन दिवस झाले असावेत. आम्ही कुणी कुणाकडे बघितलं नाही.

जमीन गोठलेली, खणता येत नाही. दगड रचले. फाइना येगोरोव्हनांनी शेवटचा दगड ठेवू दिला नाही, बराच वेळ छातीशी धरून बसल्या.

मग अहवाल. वादळाची सूचना होडी सुटल्यावर मिळाली, असा. कोंद्रात सावेल्येविच म्हणाले, गेलेला माणूस काही परत येत नाही, तुम्हाला मात्र लेनिनग्राडला परत जायचं असेल ना? मी सही केली. पेन गोठलं होतं, तोंडात धरून गरम केलं आणि सही केली.

७ ऑगस्ट

वादळ थोडं ओसरलंय. रेडिओ मुकाच.

फक्त ते. “ग्लुखोई, दिशा द्या.”

ल्याव्रिकने तार उपटली, बॅटरी काढली. आवाज थांबला. परत जोडली, तर वाक्य मधूनच सुरू झालं, जणू इतका वेळ बोलतच होते. विनोद संपलेत त्याचे. कोपऱ्यात बसून नखं खातो.

मग माझं नाव. “रिम्मा, आज तुझी सुई काय म्हणते?”

मी पळाले. कुठं पळणार? चुंबकघरात गेले. ठिपका झटके देत होता. वादळाचे झटके नव्हते ते. लोखंड घेऊन कुणी भोवती फिरलं की असा हलतो. एक फेरी. थांबला. दाराशी.

बाहेर आले तर धुकं, आणि उंबऱ्यावर ओल.

८ ऑगस्ट

फाइना येगोरोव्हना म्हणाल्या, त्याला रस्ता सांगा. एवढंच तर मागतोय. घर कुठंय सांगा, येईल आणि बसेल.

कोंद्रात सावेल्येविचांनी मायक्रोफोन हिसकावला. चेहरा राखेसारखा. ओरडले, “तिखोन! उत्तरेला या! आम्ही उत्तरेला आहोत, सरळ उत्तरेला!”

उत्तरेला नुसता समुद्र आहे.

आवाज थांबला. मग — पहिल्यांदाच — काकांना ऐकू गेलं.

“समजलं, कोंद्रात सावेल्येविच. उपकार झाले.”

फाइना येगोरोव्हनांनी कोंद्रात सावेल्येविचांपुढे सूप ठेवलं. एवढंच म्हणाल्या, “त्याला पोहता येत नाही.”

९ ऑगस्ट

शांत. दिवसभर एक शब्द नाही. लांबची केंद्रं परत ऐकू येतायत. ‘क्रेचेत’ निघालंय, तपासनीस बोटीवर आहे. कोंद्रात सावेल्येविचांनी स्पिरिट काढलं, ल्याव्रिकच्या पाठीवर थाप मारली. गाणं म्हणाले.

मी दगडांपाशी गेले.

दगड बाजूला झालेत. खाली कुणी नाही.

अस्वल असेल, कोंद्रात सावेल्येविच म्हणाले. अस्वलाच्या पावलांच्या खुणा नाहीत. एकाच माणसाच्या. पाण्याकडे जाणाऱ्या. उत्तरेला.

१० ऑगस्ट

पुन्हा वादळ. ठिपका पार कडेला. पट्टे मेले. धुकं.

आवाज — काकांचा नाही. तरुण, घाबरलेला. “ग्लुखोई, इथं क्रेचेत. होकायंत्र भरकटलंय. पुढे फेस दिसतोय. दिशा द्या.”

ऐकू येतंय म्हणजे जवळ. म्हणजे खडकांवर.

कोंद्रात सावेल्येविच — बोलू नका. तोच आहे. आता जहाजाचं नाव शिकलाय.

मी बटण दाबलं. विचारलं, बोटीवर कोण कोण? पोरगा रडकुंडीला आलेला. एकवीस माणसं, म्हणाला. आणि एक — काल समुद्रातून उचललेला. म्हातारा. ग्लुखोईचा म्हणतो. हात बर्फासारखे, शेगडीजवळ बसत नाही. पुढच्या टोकाशी उभा राहून नुसतं एकच विचारतो —

कोंद्रात सावेल्येविच म्हणतात, बुडू दे. मी ओरडले, एकवीस माणसं आहेत! म्हणतात, बुडू दे, अहवाल मी लिहीन.

सुई किती अंश चुकतेय ते इथं फक्त मला कळतं. फाइना येगोरोव्हना माझ्याकडे बघतायत. विनवणी नाही. नुसत्या बघतायत.

सांगितलं. क्रेचेत, सुईच्या चौदा अंश डावीकडे धरा, तसंच या —

वळले. इंजिनाचा आवाज. वाचले, एकवीसही वाचले. पोरगा आभार मानतोय, रडतोय. म्हणतो, तुमचा म्हातारा थांबला नाही, आमची छोटी होडी घेऊन पुढे आलाय.

वल्ह्यांचा आवाज.

गोट्यांवर होडी घासल्याचा.

ल्याव्रिक टेबलाखाली. कोंद्रात सावेल्येविच दाराला पाठ लावून, देवाचं नाव घेतायत, ते, पक्षाचे सभासद. फाइना येगोरोव्हनांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला, त्यांना हाताने बाजूला सारलं, लहान मुलाला सारावं तसं, आणि कडी —