अक्काचं गंगावन

११ नोव्हेंबर १९७९, रविवार

कापली! एकदाची कापली.

साडेनऊला बसलो, अकरा वाजता संपलं. दवाखान्यातली मोठी कात्री आणली होती, दोनदा उकळून घेतली. राजूअक्का, माझी थोरली बहीण, पाटावर डोळे मिटून बसलेली.  मला वाटलं होतं रडेल, अंगात येईल, निदान हात तरी धरेल. काही नाही. जट कापायला फार जड — दोन वेळा कात्री अडकली, हाताला फोड आला.

मागचं सगळं गेलं. कपाळावरचे आणि कानांवरचे केस मोकळे होते, ते राखले. वीतभर आहेत. जटेखाली दोन जखमा, एकीत पू. धुऊन पट्टी केली. हे ओझं घेऊन ही बाई नऊ वर्षं खुरपायला जायची!

"कसं वाटायलंय?" मी विचारलं.

"हलकं," म्हणाली. मग मान वळवून बघत, "लई हलकं."

१२ नोव्हेंबर

नीट लिहून ठेवते. धाकट्याच्या वेळी अक्का मरता मरता वाचली. बिदरला नेलं होतं, रक्त थांबेना. चौथं बाळंतपण नको, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. नंतर तीन महिने अंथरुणाला. केस कोण विंचरणार? गुंता झाला, गुंत्याची जट झाली. सासू सुभद्राबाईंनी हळदकुंकू लावलं — देवी आली! झालं. भालकीजवळच्या मेहकरात, सासरी, अक्का देवीची बाई ठरली. दीक्षा घेतलेलं घर, भिंतीवर बुद्ध आणि डोक्यावर देवी!

नऊ वर्षं मी मागे लागले. दर वेळी एकच — "र्‍हाऊ दे गं, विमल." या खेपेला मान वळेना, वास यायला लागला, तेव्हा आपण होऊन चिटगुप्प्याला माझ्याकडे आली. आल्यावरही दोन दिवस म्हणत होती, "नुसतं औषध लाव की. कापायची कामून?"

मी ऐकलं नाही. बरंच झालं.

१४ नोव्हेंबर

अक्का खोलीबाहेर पडत नाही. आज घरमालकीण मल्लम्मा बांगड्यांची टोपली घेऊन सरळ आत आली आणि बघतच राहिली. "अय्यो सिस्टर! अक्काचे केस कुठं?" सगळं सांगितलं. वाटलं, आता गल्लीभर होणार. पण तिनं अक्काचं डोकं दोन्ही हातांत धरलं, फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाली, "मी गंगावन करते, खोट्या केसांचं. कुणाला कळायचं न्हाई."

मल्लम्मा गंगावनं करते हे मला माहीतच नव्हतं! बांगड्या विकत फिरते तेव्हा बायकांचं गुंतवळ घेते, बदल्यात बांगड्या देते. पोतंभर साठलंय.

अक्का म्हणाली, "मला नगं. पदर हाय की."

"पदर किती दिवस?" मी म्हटलं.

२२ नोव्हेंबर

गंगावन झालं. हातभर लांब, वर काळ्या दोऱ्याची घट्ट गाठ आणि फास. मल्लम्मानं आठ दिवस एकेक केस सुटा करून मुळाकडचं टोक एका बाजूला, शेंडा दुसऱ्या बाजूला असं लावलं. उलटसुलट लागले तर पहिल्या धुण्यातच गुंता होतो म्हणे. आणि काय हुशारी — मधे चार-पाच पांढरे केस घातलेत! "अक्काच्या कानापाशी पांढरे हायत. सगळं काळं दिसलं तर बायका वळखतील."

२ डिसेंबर, रविवार

आज धुवायला शिकले. लिहून ठेवते, अक्काच्या लेकीला सांगायला होईल.

आधी कोरडं विंचरायचं, शेंड्याकडून वर. वरून खाली कधीच नाही. शिकेकाई आणि रिठ्याचं पाणी कोमट, गाळून घेतलेलं — चोथा केसांत बसला की निघत नाही. गाठ मुठीत धरून फक्त खालचे केस बुडवायचे. गाठ भिजली की दोरा ढिला होतो. चोळायचं नाही, पिळायचं नाही. जुन्या लुगड्यात दाबून पाणी काढायचं. सावलीत खिळ्याला टांगायचं.

मी शहाणपणा करून उन्हात दोरीवर टाकलं, तर मल्लम्मा भिंतीपलीकडून ओरडली — "बेड, बेड! उन्हात नको! तांबडं होतंय!" पळत जाऊन काढलं.

वाळल्यावर खोबरेल, तळहाताला चोळून उरेल तेवढंच. जास्त लावलं की धूळ बसते.

९ डिसेंबर

पहिल्यांदा घातलं. कानांवरचे केस मागे ओढून आवळले, फास अडकवला, तीन पेडांची वेणी, वर आंबाडा. पाच आकडे लागले. जखमेच्या जागी ओढ बसू नये म्हणून थोडं उजवीकडे घेतलं. पाठीमागून बघितलं — कुणी म्हणणार नाही!

आरसा दिला. अक्कानं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग आरसा पालथा ठेवला.

लाजली, मी मल्लम्माला सांगितलं.

१७ डिसेंबर

जखमा भरल्या. पट्टी बंद.

अक्का झोपताना गंगावन काढून ठेवत नाही — हे चुकीचं, केस घासून तुटतात. तीनदा सांगितलं. आज रागावले. तर म्हणाली, "तुटूं दे. एवढं चांगलं कामून करायलीस?"  नऊ वर्षांची सवय, वेळ लागणार.

२५ डिसेंबर

किशनभाऊजी आले. अक्काला न्यायला. सासूबाई बोलत नाहीत म्हणाले, पण करणार काय, कापून झालंय. मी भाषण तयार ठेवलं होतं — देवी, अंधश्रद्धा, दीक्षा — कशाची गरजच पडली नाही. माणूस खूश! अक्का चहा घेऊन आली, आंबाडा घातलेला. बघतच बसले. "आता बाईसारखी दिसायलीस," म्हणाले. बाजारात जाऊन शेवंतीची वेणी घेऊन आले. अक्कानं हातात घेतली आणि देवळीत ठेवली. चहात साखर टाकायला विसरली होती. भाऊजी तसाच प्यायले होते.

"परवा निघू," ते म्हणाले.

"जखम वाळू दे," अक्का म्हणाली.

मी हसले. "अगं, जखम कवाच वाळली की!"

२७ डिसेंबर

गेले. गंगावन ठेवायला मऊ लुगड्याचा तुकडा, कडुनिंबाचा पाला घालून दिला. ओलं असताना पेटीत ठेवायचं नाही, हे पुन्हा सांगितलं. अक्का ऐकत होती की नाही, कोण जाणे.

भालकीची गाडी लागली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "विमल, मी हितंच र्‍हायले तर?"

"अन् लेकरं कुणी बघायची?" मी म्हटलं. खरंच कुणी बघायची? भाऊजींनी वरून हाक मारली, कंडक्टर ओरडला. चढली.

२० जानेवारी १९८०

अक्काचं पत्र, थोरल्या लेकीच्या हातचं. रविवारी गंगावन धुतलं, सावलीत वाळवलं. सासू हातचं जेवत नव्हती, आता जेवते. शेजारच्या बायका येऊन बघून जातात. मजकूर एवढाच. खाली लेकीनं आपल्या मनानं लिहिलंय — आई फार बोलत नाही.

९ मार्च

महिला मंडळात बोलले! डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, सिस्टर तुमच्या बहिणीचं सांगा. जट म्हणजे नुसता गुंता, त्यात देवी नसते — हे सांगितलं. गंगावन कसं धुवायचं, कसं बांधायचं हेही सांगितलं, त्यावरच जास्त प्रश्न आले! मल्लम्मा मागे बसून मान डोलवत होती. एका म्हातारीनं विचारलं, "बहीण सुखात हाय का?" मी म्हटलं, "व्हय तर!" टाळ्या पडल्या.

घरी येताना फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल

लसीचं काम. पायाला फोड.

२० एप्रिल, रविवार

अक्का आली. एकटी, पहिल्या गाडीनं. चौथ्यांदा दिवस गेलेत, तिसरा महिना चाललाय.

 ती उंबऱ्यात उभी राहूनच बोलली, शांतपणे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "जट व्हती तवर देवीची बाई म्हणून ते शिवत न्हवते. नऊ वर्सं. म्हणून मी ती राखत व्हते."

"मला सांगितली कामून न्हाईस?"

"तू इचारलीस कवा?"

मी नर्स. दारोदार जाऊन बायकांना हेच विचारते — पाळणा थांबवायला काय करता?

उद्या सातच्या गाडीनं तिला बिदरला नेते. भाऊजींना कळवलेलं नाही. कळवणारही नाही.