बोथट कात्री

४ फेब्रुवारी

भिंगरीचं रक्त पुन्हा दुधासारखं! नळी उभी ठेवली आणि वर साय धरली. माणसाचं रक्त की गवळ्याचं माप? नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही बघू नका." का नको? नात माझी आहे.

नऊ वर्षांची पोर. तेल-लोणी जरा जास्त पोटात गेलं की पोट धरून लोळते, मग दवाखाना, मग सलाईन. या खेपेला मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक. एक तुकडा! बाकीची कार्टी चार-चार गिळून नाचत घरी गेली.

संध्याकाळी पलंगावर बसून शेजारच्या बाईच्या घोरण्याची नक्कल करत होती. म्हणजे बरी आहे.

६ फेब्रुवारी

संशोधनवाली डॉक्टरीण भेटली. चष्मा एवढा मोठा, की मागे बाई आहे का ते शोधावं लागतं. पण बोलते सरळ. म्हणाली, "आजी, खाल्लेली चरबी कापायला शरीरात एक कात्री असते. तिचं एक पातं आईकडून येतं, एक बापाकडून. एक बोथट निघालं तर दुसरं निभावून नेतं. भिंगरीची बहुतेक दोन्ही बोथट आहेत."

जन्मभर फ्रॉक बेतले मी. कात्री मला कळते. एवढं सोपं होतं, तर आधीचे डॉक्टर इतकी वर्षं छताकडे बघत का बोलायचे?

नवं औषध तपासताहेत. सुईने टोचायचं. बऱ्याच जणांचं दुखणं थांबलंय म्हणे. पण दोन्ही पाती बोथट असल्याचा पुरावा हवा, तरच पोरीला घेणार. पोरीच्या एकटीच्या रक्तावरून ते पक्कं होत नाही, दोन्हीकडचं ताडून बघावं लागतं म्हणे. आईकडचं ठरलं – लेकीचं रक्त तपासलं, तिच्याकडून एक बोथट आलंय. बापाकडचं राहिलं. जावई जहाजावर, वर्ष सरल्याशिवाय यायचा नाही. नावं घेणं या महिनाअखेर बंद. त्याच्या आई-बापाचं रक्तही चालेल म्हणे, पण व्याही केव्हाच गेले. मग उरलं कोण?

विहीणबाई!! झालं कल्याण.

७ फेब्रुवारी

लेकीने सासूला फोन केला. उत्तर – "आमच्या घराण्यात असलं काही नाही." आणि खाडकन ठेवला.

लग्नातही हेच तुणतुणं होतं. आमचं घराणं, आमचं घराणं! नाक वर आणि अक्कल माळ्यावर.

९ फेब्रुवारी

स्वतः गेले त्यांच्याकडे. दार उघडलं ते अर्धंच.

"रक्त द्यायचं म्हणजे खोट आमची, असं कबूल केल्यासारखं होतं, विहीणबाई."

घशापर्यंत आलं होतं ते सगळं गिळलं. म्हटलं, "बरोबर आहे. खोट आमचीच. लेकीत निघालीच आहे, म्हणजे माझ्याकडून नाहीतर आमच्या ह्यांच्याकडून. मीही रक्त देणार आहे. तुम्ही फक्त तुमचं चोख आहे एवढं दाखवा. कागदावर शिक्का मिळेल. आयुष्यभर मला दाखवत बसा."

दार पुरतं उघडलं! "केव्हा यायचं?" म्हणाल्या.

चोख निघालं तर भिंगरीचं नाव हुकलं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. मी कशाला सांगू?

घरी येताना मात्र एकच घोर. निघेल का बोथट? दुसऱ्याच्या रक्तात खोट निघू दे म्हणून हात जोडायची पाळी आली. तेही जोडले.

१२ फेब्रुवारी

सत्यानाश! आणि मीच केला.

दवाखाना आमच्या घरापासून जवळ, म्हणून विहीणबाई काल मुक्कामाला आल्या. चष्मेवालीने दहादा बजावलं होतं – सकाळी पाण्याशिवाय काही नाही. मी उठले, चहा टाकला. विहीण घरात आणि चहा नाही? हाताला सवय. साय घालून कप पुढे केला. त्यांनीही घेतला. वर बशी पुसून दिली!

दवाखान्यात चष्मेवालीने विचारलं, "काही खाल्लं-प्यालं?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय.

"तुम्हाला आठवलं नाही?" मी.

"आठवलं की! पण नको म्हटलं असतं, तर तुम्ही गावभर सांगत सुटला असतात, आमच्या चहाला नाक मुरडलं म्हणून."

सांगितलं असतंच म्हणा.

चष्मेवालीने चष्मा काढला. खरंच बाई आहे मागे – हसत होती. उद्या पुन्हा या म्हणाली.

१३ फेब्रुवारी

सकाळी लेकीने चहाची भांडी कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली.

रक्त काढलं, आणि मग दोघींना एक-एक पेला मलई प्यायला दिली! चरबी रक्तातून किती वेळात जाते ते बघायचं, म्हणून तासातासाला सुई. नात बिचारी थेंबाला मुकलेली आणि आज्या मलई पिताहेत. भिंगरी मध्ये बसून पंच झाली. "आजी, तू मागे पडलीस! ती आजी बघ!" म्हटलं, हरेन? एका दमात संपवला. विहीणबाईंनी माझ्या आधी. मलईची मिशी पुसून माझ्याकडे बघितलं, तीच लग्नातली नजर!

मग दिवसभर शेजारी-शेजारी पडून. बदलीवर आलेली नर्स विचारते, "सख्ख्या बहिणी का?"

"छे!" दोघी एकदम. नर्स दचकली.

त्यांना सुईची भीती वाटते. चौथ्या सुईला माझा हात धरला. सोडायला विसरल्या. मीही आठवण केली नाही.

१९ फेब्रुवारी

वाट बघतेय. काज करायला घेतलं, दोनदा उसवलं.

२४ फेब्रुवारी

निघालं! माझ्यातही एक पातं बोथट, विहीणबाईंच्यातही एक. चष्मेवाली म्हणाली, "बापाकडचा पुरावा मिळाला. भिंगरीचं नाव घातलं." लेक रडायला लागली. म्हटलं, रडायचं तर बाहेर जा, इथे सही करायचीय.

मला वाटलं, आता विहीणबाई घराण्याचं काय सांगणार? पदर सावरला आणि म्हणाल्या, "चला. आमची खोट कामाला तरी आली."

एवढं मात्र मान्य – बाई हरतानाही नाक खाली करत नाही.

१० मार्च

पहिली सुई झाली. भिंगरीने हूं की चूं केलं नाही. उलट विचारते, "आता केक कधी?" चष्मेवाली म्हणाली, "सावकाश. आधी रक्त तर लाल दिसू दे."

२२ एप्रिल

आज नळीत साय पातळ होती. पुसट रेघ फक्त. विहीणबाईंनी नळी उजेडाकडे धरून तीनदा बघितली, मग मला दिली.

चष्मेवाली मागून म्हणाली, "आज्यांनो, एक राहिलं सांगायचं. तुम्हा दोघींचं पातं अगदी एकाच जागी बोथट आहे. आजूबाजूची वीणही तंतोतंत तीच. कितीतरी पिढ्यांमागे तुमची पणजी-खापरपणजी एकच असणार."

म्हणजे इतकी वर्षं ज्या घराण्याला नावं ठेवली, ते माझंच.

बाहेर आलो. विहीणबाई म्हणाल्या, "चहा टाक."

टाका नाही म्हणाल्या. टाक.