सैल हाताची पद्धत

३ मार्च, सोमवार

...आणि हेही टोपलीत. बाजूच्या मॅनेजरकडे पाहिलं. त्याचं सफरचंद अजून झाडाला लटकलेलं.

डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात. अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले. उजवा हात जागेवर आहे, फक्त ऐकत नाही. आजपासून फिजिओथेरपी सेंटरवर रोबो. रोबो म्हणजे लोखंडी बाही. हात आत पट्ट्यांनी बांधतात. समोर पडदा, पडद्यावर झाड. हात पुढे गेला की सफरचंद तुटतं, मागे आला की टोपलीत पडतं. शेवटी मार्क.

पहिल्याच दिवशी मला शंभरात सत्तर. मॅनेजरला बारा. तो बँकेतून रिटायर झालाय. जन्मभर सह्या केल्या, हाताला व्यायाम नाही. मी सलूनवाला. फरक पडतोच.

थेरपिस्टबाई म्हणाल्या, काका, हात तुम्ही न्यायचा. अडला तरच रोबो नेईल. तुम्ही जेवढं कमी कराल तेवढं तो जास्त करेल. सूचना चांगली आहे. इतरांना उपयोगी पडेल.

घरी करायला व्यायाम दिला. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावर उजवा हात ठेवायचा, पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. उद्यापासून.

५ मार्च

टॉवेल ओला होता.

६ मार्च, रात्री जेवणानंतर

हिने विषय काढला. म्हणाली, तुमची खुर्ची रिकामी आहे, एक कारागीर ठेवू या. माझा भाऊ एकटा किती जणांचे केस कापणार? लोक बाकावर बसून पेपर वाचतात आणि समोरच्या दुकानात जातात. मेव्हणा मान खाली घालून जेवत होता. म्हणजे दोघांचं आधीच ठरलंय.

सांगितलं, महिन्याभरात मीच उभा राहतो. ही म्हणाली, अहो, तुम्हाला चमचा धरता येत नाही. म्हटलं, चमच्यात माझं मन नाही.

दुकानात दोनच खुर्च्या. खिडकीजवळची माझी. तिच्यामागे दुसरा माणूस उभा राहिला, तर मी सकाळी उठून जायचं कुठे?

१० मार्च

आज मोठा शोध लागला. अंग जड होतं म्हणून हात सैल सोडला. मार्क वाढले! ब्याऐंशी. आणखी सैल सोडला. नव्वद.

म्हणजे जोर लावला की काम बिघडतं. वस्तऱ्याचंही तेच. हात सैल, नजर पक्की. माझ्या सगळ्या कारागिरांना मी हेच शिकवत आलो. कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही. (कारागीर एकच होता. मेव्हणा.)

मॅनेजरलाही सांगितलं, साहेब, रोबोशी भांडू नका, त्याच्यावर सोडा. तो दात-ओठ खात होता. म्हणाला, मास्टर, मला माझा हात हवाय, सफरचंद नको. आकडे कळणाऱ्या माणसाने असं बोलावं?

११ मार्च

टॉवेल पाहुण्यांना दिला होता. पाहुणे गेल्यावर पाहू.

१४ मार्च

सैल हाताची पद्धत पूर्णत्वाला पोचली. आज मधेच डोळा लागला. जागा झालो तर पडद्यावर शंभर. झोपेतसुद्धा हात काम करतो, यालाच मुरलेला हात म्हणतात.

बाईंनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, काका, झोपू नका हो. हे मार्क तुमचे नाहीत, रोबोचे आहेत. तरुण मुलगी आहे, तिच्या पेशंटला पूर्वी कधी शंभर मिळाले नसतील. वाईट वाटलं नाही.

मॅनेजरने आज स्वतःच्या शर्टाचं एक बटण स्वतः लावलं. लावेपर्यंत आम्ही सगळे दारात ताटकळलो. बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझी सगळी बटणं ही लावते. केवढा वेळ वाचतो!

१७ मार्च

घरात जाहीर केलं, मला पैकीच्या पैकी मिळतात. ही म्हणाली, मग तो मिठाचा डबा उघडा. म्हटलं, डबा उघडण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

मेव्हणा म्हणाला, भाऊजी, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण समोरच्याच्या कानाचाही विचार करायला हवा. हसला. मी नाही हसलो. शेवटी ठरलं : पुढच्या सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा मी एक डोकं करून दाखवायचं. जमलं तर खुर्ची माझी. नाही जमलं तर मंगळवारपासून नवा कारागीर. तो मेव्हण्याच्या ओळखीचा आहे. हात बरा आहे म्हणतात. सगळ्यांचाच बरा असतो, गिऱ्हाईक हलेपर्यंत.

ही म्हणाली, हात दाखवून अवलक्षण कशाला? दुर्लक्ष केलं.

टॉवेलचा व्यायाम आता माझ्या पातळीचा राहिला नाही.

२१ मार्च

सेंटरवर गोंधळ. आज तपासणी होती. हात पट्ट्यांत बांधला, सैल सोडला, वाट पाहिली. सफरचंद झाडावर. आणखी सैल सोडला. सफरचंद झाडावरच.

बाईंना म्हटलं, मेकॅनिकला बोलवा. त्या म्हणाल्या, मशीन ठीक आहे काका. रोज ते मदत करतं, आज नुसतं बघतंय. आता तुम्ही न्या हात. म्हटलं, मी नेतोच आहे. दोघांनीही हाताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. बाकी काही हलत नव्हतं.

मग मॅनेजरची पाळी. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या, तोंडातून बँकेत न शोभणारा शब्द निघाला आणि सफरचंद टोपलीत पडलं. एकच. त्याचं मशीन बरं असावं.

आज ही सोबत आली होती. रिक्षात हिला तपासणीचं घरी काही सांगू नकोस म्हणालो. घरी आम्ही तिघंच असतो आणि तिसऱ्याला तिने दारातच सांगितलं.

२३ मार्च

विचार केला. रोबो खोटं बोलत असेल, तर गेले तीन आठवडे की एकट्या शुक्रवारी? बहुमत माझ्या बाजूने आहे.

उद्याची तयारी : कैची नको, ट्रिमर. ट्रिमरला जोर लागत नाही, तो आपणहून कापतो. पद्धत तीच. हात सैल, नजर पक्की.

रात्री टॉवेल काढून टेबलावर ठेवला. घडी छान होती. मोडली नाही.

२४ मार्च, सोमवार, संध्याकाळ

डोकं द्यायला कोणी तयार नव्हतं. शेजारच्या दुकानदाराला आठवलं की त्याला ताप आहे. शेवटी मेव्हणाच बसला. त्याचे केस म्हणजे त्याचं सर्वस्व. मानेपर्यंत वाढवलेत, दर तासाला आरशात पाहून सारखे करतो. बसण्याआधी एकदा सारखे केले. म्हणाला, भाऊजी, कडा फक्त.

माझी बोटं त्याने स्वतः ट्रिमरभोवती एकेक करून मिटवली. माझं कोपर हिने खालून उचलून धरलं. ट्रिमर डोक्याच्या वर आला. मी म्हटलं, आता सोड. हिने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. हिने सोडलं.

मी हात सैल सोडला.

हात खाली आला. ट्रिमर टाळूवर टेकला आणि आपल्या वजनाने घसरत मागून मानेपर्यंत गेला. वाटेत जे होतं ते खाली पडलं. मी थांबवायला गेलो. हाताला निरोप पोचला नाही.

बोटं सुटली. ट्रिमर फरशीवर गुरगुरत होता. मेव्हण्याने दुसरा आरसा मागे धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, रेष मात्र सरळ आलीय हो भाऊजी.

ही आधी हसली. मग आत गेली. आमच्या दुकानाला आत नाही, टॉवेलांचं कपाट आहे. कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.

मेव्हण्याने ट्रिमर उचलला आणि उरलेलं डोकं आपलं आपण साफ केलं. मी आरसा धरला, डाव्या हाताने. तो म्हणाला, जरा उजवीकडे. उजवीकडे धरला. म्हणाला, उकाड्यात बरं पडेल. कान चांगलेच मोठे निघाले त्याचे. इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

मग म्हणाला, उद्या त्याला यायला सांगतो. मी म्हटलं, सांग.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी नवा कारागीर आला. खिडकीजवळच्या खुर्चीमागे उभा राहिला, तिची उंची वाढवली. पहिलं गिऱ्हाईक त्याच्याकडेच बसलं. मी सेंटरवर गेलो. बाईंना म्हटलं, रोबोची मदत बंद ठेवा. ठेवली. घामाने शर्ट भिजला, तेव्हा सफरचंद थोडं हललं. तुटलं नाही. बाई म्हणाल्या, छान. मार्क शून्य.