पुढचा डावा पाय

बुधवार, ता. १४, दुपार

चि. ठमे,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. तुझ्या आईच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे आणि माझ्याबद्दलची त्याहून जास्त. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र घोड्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. तो शुक्रवारी तुमच्या तबेल्यावर येणार आहे. त्याला बजावलंय, तुझ्या हातातच द्यायचं. रविवारच्या आत तू हे वाचायला हवंस.

रविवारच्या इथल्या रेसला आमच्या ठिणगीवर तू बसणार, हे मला सोमवारच्या पेपरातून कळलं. ट्रेनरसाहेबांनी आधी सांगितलं नाही. मी काय म्हणेन ते त्यांना ठाऊक होतं. आईने कात्रण काढून आरशाच्या फटीत खोचलंय. दाढी करताना समोर तुझं नाव.

घोडी गुणाची आहे, यात वाद नाही. तीन वर्षांची झाली आणि पळायला लागली ती अशी, की आम्हीच तोंडात बोट घातलं. मागच्या महिन्यातली सोळाशे मीटरची रेस तू पाहिली असशील. वळणावर सातवी होती. सगळे म्हणाले, गेली. मग शेवटच्या दोनशे मीटरांत सुटली, दोन घोड्यांच्या लांबीने जिंकली आणि वर कान टवकारून बघत उभी राहिली, अजून कुणी उरलंय का म्हणून. या वेळी दोन हजार मीटर आहेत. टक्कर देईल तो शेजारच्या तबेल्यातला पांढऱ्या कपाळाचा घोडा. तो पहिल्यापासून पुढे पळतो आणि दमत नाही. बाकीचे नुसते संख्या भरायला. तिला आतल्या कठड्याशी कोंडू नकोस, बिथरते.

बघ, सूचना द्यायला लागलो. खरं तर मला लिहायचंय की तू तिच्यावर बसू नकोस.

थांब, पत्र फाडू नकोस. दोन वर्षांपूर्वी तू जॉकीचं लायसन्स काढलंस तेव्हा मी जे तोंड सोडलं, ते मी विसरलेलो नाही. तू दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, तुमच्या हाताला सगळ्या घोड्यांचे पाय कळतात, घरातल्या माणसाचं मन तेवढं कळत नाही." आणि गेलीस. आता बाबा परत आडवे आले, असंच तुला वाटणार. म्हणून जे कुणालाच सांगितलं नाही, ते तुला सांगतोय.

ठमे, माझ्या हाताला आता काहीच कळत नाही.

हिवाळ्यात बोटं बधिर झाली. साखरेमुळे होतं असं, दवाखान्यात म्हणाले. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग चहाचा पेला गरम की गार, हे ओठाला लावल्याशिवाय समजेना. आणि रोज पहाटे साहेब तबेल्यात येऊन तेच विचारणार, जे तीस वर्षं विचारतायत, "मामा, पाय काय म्हणतोय?" डॉक्टरच्या मशीनच्या आधी माझ्या तळव्याला दुखऱ्या पायाची ऊब लागते, अशी माझी ख्याती. ती गेली तर मी कोण? खरारा करणारा एक म्हातारा. मग मी घोड्याची चाल बघायचो, डोळा बघायचो, दाणा किती खाल्ला ते बघायचो आणि अंदाजाने ठोकून द्यायचो, "थंड आहे, साहेब."

काही महिने निभलं. मग त्या उंच तांबड्या घोड्याची रेस आली. त्याही सकाळी मी थंड म्हणालो. शेवटच्या वळणावर त्याचा पाय मोडला. घोडा गेला. वरचा जॉकी, आपला हसऱ्या, त्याचं कंबरेचं हाड मोडलं. अजून पलंगावर आहे. भेटायला गेलो तर मलाच धीर देतो, "मामा, जिवाला लावून घेऊ नका. तुमचा हात चुकत नाही, माझं नशीब चुकलं." मी त्याला संत्रं सोलून दिलं आणि घरी आलो. तो पाय सकाळीच गरम होता का, हे मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी गालाने तपासतो. पायाच्या पट्ट्या सोडतो, भुशावर गुडघे टेकतो आणि गाल लावतो. गालाला अजून कळतं. आईला माझ्या कॉलरवर घोड्याचे केस सापडले तर म्हणाली, "या वयात घोड्यांचे मुके घेता की काय?" मी हसलो. पण सोमवारपासून ठिणगीचा पुढचा डावा पाय, गुडघ्याखाली मागच्या बाजूला, मला उजव्यापेक्षा गरम लागतोय. अगदी थोडा. त्याच सोमवारी पेपरात तुझं नाव आलं होतं. ही पायातली ऊब की माझ्या मनातली भीती, मलाच कळेना. तिन्ही दिवस मी थंड म्हणालो.

माझी पाचावर धारण बसली आहे. आता उठतो आणि साहेबांकडे जातो.

गुरुवार, दुपार

सांगितलं. सगळं सांगितलं.

 साहेबांनी दोन बादल्या मागवल्या, एकीत नळाचं पाणी, एकीत कोमट. माझ्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला आणि म्हणाले, "सांगा, गरम कुठलं?" मी डावीकडचं म्हणालो. गरम उजवीकडचं होतं. त्यांनी रुमाल सोडला आणि त्यानेच माझे हात पुसले. "उद्यापासून पाय मी बघेन, मामा."

काल संध्याकाळीच घोड्यांचे डॉक्टर आले. पाय दाबला, मशीन लावलं. म्हणाले, साफ आहे. मी गालाचं सांगितलं तर ते हसू दाबत साहेबांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "मुलगी बसणार म्हणून तुम्ही घाबरलायत. घोडी पळणार." इतके महिने खोटं बोललो ते सगळ्यांनी मानलं, आणि आता खरं सांगतोय तर माझ्या शब्दाला किंमत नाही. दोष माझाच आहे.

आज सकाळी हसऱ्याकडे जाऊन त्यालाही सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मशीन खरं असू दे, असंच मला वाटतं. पण मी फार घाबरलोय गं. म्हणून एवढंच कर. रविवारी सकाळी लवकर ये. तिच्या पट्ट्या स्वतः सोड. डोळे मिटून हात लाव, आधी उजव्याला, मग डाव्याला. लहानपणी तू माझ्यामागे बसून हेच करायचीस आणि माझ्याआधी सांगायचीस. बरोबर असायचं. मीच तुला गप्प बसवायचो.

गरम लागला तर बसू नकोस, मग साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. थंड लागला तर बस. मी आडवा येणार नाही. कठड्याशी उभा राहीन आणि डोळे उघडे ठेवीन.

तुझ्या हाताचा शब्द मानणारा,
बाबा