डाव्या कडेची बाई

अव्वा, राजेश्वरच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता, त्या संध्याकाळबद्दल तुला लिहायचं आहे. निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती, शाळेत उर्दू जाऊन नुकतंच मराठी आलं होतं आणि मी सहावीत होते. लग्नाआधी कोल्हापुरात तुझ्या मामाकडे असताना तू तीन सिनेमांत घोळक्यात उभी राहिली होतीस. एकात तर नुसता आरतीचं ताट धरलेला तुझा हात होता. सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर तुझं नाव कशातच नाही. नदीच्या घाटावरचा जो सिनेमा होता, तो लागायच्या आधीच तू लग्न होऊन इकडं आलीस, त्यामुळं तुलाही तो बघायला मिळाला नव्हता. पाणी भरणाऱ्या पाच बायकांत डाव्या कडेची मी, एवढंच सांगायचीस. आत्याला ते कधी पटलं नाही. आमच्या वैनी शिनिमातल्या राणी, असं ती चारचौघींत म्हणायची. तोच सिनेमा जत्रेत आला तेव्हा तू स्वतः तिला हाताला धरून घेऊन गेलीस.

पुरुष पडद्याच्या पुढं आणि बायका पडद्याच्या मागं, अशी बसायची सोय. तू नवं इरकल नेसून माझ्या शेजारी बसली आहेस. घाट येतो, आणि डाव्या कडेला एक जाड, ठेंगणी बाई वाकलेली दिसते. "ही व्हय तू? लगीन झाल्यावर वाळलीस म्हण की," आत्या म्हणते आणि बायका हसतात. तू पडदा बघतच नाहीस, आमची तोंडं बघते आहेस. तेवढ्यात घाट जातो. तू मला विचारतेस, "तू तरी बघितलीस न्हवं मला?" माझ्या वर्गातल्या दोघी पुढंच बसल्या होत्या, त्यांनी वळून बघितलं. मी म्हणाले, "न्हाई. तू न्हाईस त्यात."

त्यानंतर तू कोल्हापूरचं नाव काढलं नाहीस. आत्यानंही चिडवणं सोडलं, तिला कीव आली असावी. तू गेल्यावर काही वर्षांनी गुलबर्ग्याच्या टॉकीजमध्ये मी तो सिनेमा पुढून बघितला. डाव्या कडेला तूच होतीस. पडद्याच्या मागून डावं ते उजवं दिसतं, ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, मुलांना सांगितली. ऐकून सगळे हळहळतात. तुझा काय दोष, असं मला म्हणतात.

पण अव्वा, सुरुवातीच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली, तेव्हाच मला ते कळलं होतं. म्हणून मी उजवीच कड बघत होते. तू घागर कमरेवर घेऊन वळलीस. डोक्यावर पदर नव्हता, आणि तोंड भरून हसत होतीस. घरात तुला तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. वर्गातल्या पोरींपुढं मला तुझी लाज वाटली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. परवा नातीनं त्या संध्याकाळबद्दल विचारलं, तेव्हाही मी पडदा उलटा होता एवढंच सांगितलं.